विसावं नाव

नोव्हेंबर लागला आणि राजधानीहून एक फॉर्म आला, चांगला अकरा पानी. देशातल्या सगळ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी आपापल्या दृक्‌श्राव्य विभागाची पाहणी करून तो भरायचा होता. यंत्रं किती, चालू किती, बंद किती, वर्गात शिकवायला कोण नेतं, ऐकायला कोण येतं, सगळं. सान ब्लासच्या मुख्य ग्रंथपालांनी तो न वाचताच निमिया ओर्तिगोसाच्या टेबलावर नेऊन ठेवला, कारण त्या विभागात निमियाखेरीज दुसरं माणूसच नव्हतं.

निमिया अठ्ठावन्न वर्षांची. त्यातली सव्वीस वर्षं तिने ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या, नदीकडे तोंड केलेल्या त्या लांबट खोलीत काढली होती. भिंतीला लागून लाकडी फळ्यांचे वीस कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक टेपरेकॉर्डर आणि एक खुर्ची. एके काळी इंग्रजीच्या कॅसेटी ऐकायला मुलांची रांग जिन्यापर्यंत जायची. आता मुलांच्या खिशात फोन होते आणि त्या फोनमध्ये सगळं जग होतं. निमियाच्या खोलीत कोण कशाला तडमडायला येतंय?

यंत्रांची मोजणी तिने तीन दिवसांत उरकली, आणि अगदी प्रामाणिकपणे. ओव्हरहेड प्रोजेक्टर चार, चालू दोन. स्लाइडचा प्रोजेक्टर एक, दिवा गेलेला. टेपरेकॉर्डर वीस, चालू अकरा, आणि त्यातले दोन मनात येईल तेव्हा चालणारे. सगळं धुऊनपुसून, नंबर टाकून तिने रकाने भरले. तिला मजाही आली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिला काहीतरी विचारलं होतं, मग तो कागद का असेना.

नवव्या पानावर मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. चालू आठवड्याच्या नोंदवहीची नक्कल जोडावी, असं तिथे होतं. आणि खाली बारीक अक्षरात: आठवड्यात विसापेक्षा कमी माणसं येत असतील, तर सेवा बंद करून खोली इतर कामाला द्यावी आणि कर्मचाऱ्यास मुदतपूर्व निवृत्त करावे.

त्या दिवशी गुरुवार होता. आठवड्यात तीन माणसं आली होती. एक फोन चार्ज करायला, एक संडास कुठे म्हणून विचारायला, आणि तिसरे रसायनशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक, जे कानाला हेडफोन लावून तासभर घोरायचे.

"तीन की हो!" फाटकावरचा लिबोरिओ म्हणाला. तो शिंगाच्या पेल्यात थंडगार तेरेरे, नळीने ओढून प्यायचा पाल्याचा चहा, ओतत होता. "गेल्या आठवड्यात दोनच होते ना? म्हणजे धंदा वाढतोय, निमियाबाई."

"हस, हस. उद्या माझ्या खोलीत झेरॉक्सची मशिनं लावतील, मग बसशील त्या घरघरीत."

"बरंच आहे की. तुम्ही सुटाल. घरी बसा, कोंबड्या पाळा. बाहेरून आल्याआल्या दार उघडायला कुणीतरी..." आणि तो गप्प झाला, कारण निमियाचं दार उघडायला कुणी नव्हतं हे त्याला माहीत होतं. त्याने पेला तिच्या हातात दिला आणि तिने तो ओढून संपवला.

घराची तिला भीती वाटायची, हे सांगूनच टाकलेलं बरं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. लग्न झालं नव्हतं. व्हायचं होतं एकदा, पण तो माणूस नदी ओलांडून पलीकडे अर्जेंटिनात गेला आणि तिकडचाच झाला. संध्याकाळी कुलूप उघडून आत गेलं की सकाळी तिने जिथे टाकलेल्या असतील तिथेच सपाता पडलेल्या दिसायच्या. कुणी त्या पायाने सरकवलेल्यासुद्धा नसायच्या. म्हणून तर दुपारी बारा ते तीन, सगळं गाव दारं लोटून झोपलेलं असताना, निमिया खोलीतच बसून राहायची. ग्रंथपाल घरी जायचे, लिबोरिओ फाटकात खुर्ची टेकवून घोरायचा. त्या वेळी सान ब्लासच्या रस्त्यावर कुत्रंही फिरत नाही. लहान पोरांना तर आया दटावतातच, दुपारचं बाहेर पाऊल टाकशील तर खबरदार म्हणून.

त्या रात्री तिला झोप आली नाही. शुक्रवारी सकाळी खोलीत येऊन तिने नोंदवही उघडली. सोमवार ते गुरुवारच्या पानांवर ग्रंथपालांच्या सह्या झाल्या होत्या, तिथे हात लावणं शक्य नव्हतं. शुक्रवारचं पान कोरं होतं. सतरा नावं हवी होती.

टेबलाचा खालचा खण तिने ओढला. तिथे एका बिस्किटाच्या डब्यात ओळखपत्रं होती.

या खोलीची रीत अशी होती: ओळखपत्र ठेवायचं, हेडफोन घ्यायचा. हेडफोन परत दिला की ओळखपत्र परत. निमिया नोकरीला लागली तेव्हाच आधीच्या बाईंनी हा डबा तिच्या हवाली केला होता. आत सोळा ओळखपत्रं, कुणीही परत न नेलेली. ती तशी का राहिली, हे गावात सगळ्यांना थोडंथोडं माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. काहींना पुराच्या वर्षी नदीने नेलं होतं. बाकीच्यांच्या दारात रात्री एक गाडी उभी राहिली होती, हुकूमशाहीच्या त्या काळात राहायची तशी. निमियाने ती कधी टाकून दिली नाहीत. कधीकधी दुपारी ती पत्त्यांसारखी टेबलावर मांडून बसायची. सोळाही चेहरे तिला पाठ होते.

"तुम्ही तरी नाही म्हणणार नाही," ती त्यांना म्हणाली आणि लिहू लागली.

मनाला समजवायला तिला कारणही सापडलं. हेडफोन घेतला, कार्ड ठेवलं, म्हणजे या खोलीच्या नियमाप्रमाणे ही माणसं अजून आतच आहेत. मग नावं लिहिली तर खोटं कुठे झालं? वेळ तिने मुद्दाम दुपारची टाकली, म्हणजे कुणी पाहिलं का हा प्रश्नच नको. बारा चाळीस, सेल्सा रोतेला, कायदा शाखा, इंग्रजी भाग पहिला. बारा पंचेचाळीस, आर्नुल्फो सिगोव्हिया, पशुवैद्यक. असं करत करत सोळा. पत्त्याच्या रकान्यात कार्डावरचा जुना पत्ता.

सतरावं नाव मात्र नव्हतं. डबा पुन्हा उलटा करून पाहिला, ठोकून पाहिला. एकोणीस झाले होते. एका नावासाठी सगळं जाणार?

तिने बराच वेळ पेन तोंडात धरलं. मग लिहिलं: एक वाजून पन्नास मिनिटं, इसासिओ, शेतकी शाखा. नाव कुठून सुचलं तिलाच कळलं नाही. आडनाव कुणाचंही टाकून दिलं. पत्ता तेवढा सुचेना. सान ब्लासमध्ये कुठल्या घरात कोण राहतं हे पोस्टमनच काय, शेंबडं पोरही सांगेल. तो रकाना तिने रिकामा सोडला आणि वही मिटली.

बाराला ग्रंथपाल गेले. जिन्यावरचे आवाज थांबले. पंखा गरागरा फिरत होता आणि गरम हवाच इकडची तिकडे करत होता. निमियाने जेवणाच्या डब्यातला चिपा, चीजचा छोटा पाव, खाल्ला, पाणी प्यायली आणि फॉर्मचं दहावं पान पुढे ओढलं.

आधी वास आला. ओल्या मातीचा, पूर ओसरल्यावर घराघरांतून येतो तो. तिला वाटलं नदीवरून येतोय. पण खिडकी तर बंद होती.

मग एक टेप सुरू झाल्याचा खटका वाजला. सूं... असा रिकाम्या फितीचा बारीक आवाज. तो तिसऱ्या कप्प्यातून येत होता, आणि तिसऱ्या कप्प्यातलं यंत्र बंद आहे असं तिने स्वतःच्या हाताने फॉर्मवर लिहिलं होतं.

तिने मान वर केली नाही. नजर फक्त घड्याळाकडे नेली. बारा चाळीस.

बारा पंचेचाळीसला दुसरा खटका. मग तिसरा. दर पाच मिनिटांनी, कधी दोन मिनिटांनी, जशी वेळ तिने टाकली होती तशी. हातातलं पेन खाली ठेवायचंही तिला भान राहिलं नाही. शेवटी कधीतरी मान आपोआप वर झाली, आणि फळ्यांच्या वर तिला डोकी दिसली. पाठमोरी. तेल लावून चापून बसवलेले केस, एक लांब वेणी, एक टक्कल पडू लागलेलं डोकं. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. कुणी हलत नव्हतं, कुणी वळत नव्हतं. अभ्यासाला बसलेली माणसं बसतात तशी बसली होती.

ती ओरडली नाही. का नाही, ते तिला पुढेही सांगता आलं नसतं. भीती तर होतीच. पण त्या भीतीच्या आत कुठेतरी, लाज वाटावी असा, आनंदही होता. खोली भरली होती! कित्येक वर्षांनी भरली होती. कुणीतरी हळूच खोकलं, आणि तो खोकला ऐकून निमियाचे डोळे भरून आले.

पावणेतीनला टेपा एकेक करून थांबल्या. खुर्च्या सरकल्या. वेणीवाली मुलगी टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिच्या परकराच्या कडेतून पाणी गळत होतं, पण जमीन ओली होत नव्हती. कार्डावर होता तोच चेहरा. तिने हेडफोन ठेवला.

"उशीर झाला का, बाई?"

"नाही गं..." निमियाने घड्याळाकडे पाहिलं. "नाही, सेल्सा. वेळेत आहेस."

"घरी आई वाट बघत असेल."

निमियाने डब्यातून तिचं कार्ड काढून दिलं. मुलीने ते दोन्ही हातांनी घेतलं, त्यावरचा पत्ता वाचला, मान डोलावली आणि जिन्याकडे गेली. तिच्या मागे पुढचा. मग पुढचा. कुणाच्या मनगटावर दोरीचे वळ होते. कुणाचा सदरा नुकताच इस्त्री केलेला होता. सगळे हेडफोन ठेवत होते, हात पुढे करत होते, कार्ड घेऊन जात होते. डबा रिकामा झाला. सोळाव्याची पावलं जिन्यावरून खाली उतरली आणि निमियाने डोळे मिटून श्वास सोडला.

"माझं?"

तिने डोळे उघडले.

तो टेबलासमोर उभा होता. चोविशीचा असेल. असेल, कारण नक्की काही सांगता येत नव्हतं. चेहऱ्याकडे पाहिलं की चेहरा दिसायचा, आणि नजर काढली की नाक कसं होतं, डोळे कसे होते, काही आठवायचं नाही. सदऱ्याला कुठला रंग होता तेही कळेना. तिने लिहिलंच नव्हतं.

"तुझं कार्ड... माझ्याकडे नाहीये."

"मग मी जाऊ कुठे?"

निमियाने रिकामा डबा पुन्हा चाचपला.

"बाकीचे सगळे गेले," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. "त्यांना घरं होती. माझा रकाना रिकामा आहे, बाई. मी पाहिला."

"तू कुणी नाहीस," निमिया कुजबुजली. "मी... मला एक नाव कमी पडत होतं. तेवढंच. मी खोडून टाकते, म्हणजे..."

तिने वही उघडली, पेन त्याच्या नावावर टेकवलं. एक रेघ मारली की संपलं. पण रेघ मारली की एकोणीसही झाले, आणि सोमवारपासून झेरॉक्सची मशिनं, आणि घर, आणि त्या न हललेल्या सपाता. पेन तिथेच राहिलं.

"खोडताना दुखतं का?" त्याने विचारलं.

खरंच विचारत होता तो. दवाखान्यात सुई बघून लहान मूल विचारतं तसं. निमियाने कपाळावरचा घाम पुसला. तीन वाजायला सहा मिनिटं होती. थोड्याच वेळात ग्रंथपाल येतील, लिबोरिओ उठेल.

"बस जरा... बघते मी."

पण कुणाचा पत्ता लिहायचा? जो लिहू तिथे हा जाणार. लिबोरिओच्या घरी नातवंडं होती. म्हाताऱ्या प्राध्यापकांना हृदयाचा त्रास. चर्चच्या मागची पडकी चाळ? तिथेही दोन कुटुंबं राहायची. तिच्या डोळ्यांपुढून सगळं गाव गेलं, घर न् घर, आणि प्रत्येक घरात कुणीतरी होतं. रिकामं असं तिला एकच घर माहीत होतं. तिने ते लिहिलं, गल्लीच्या नावासकट, नंबरासकट.

त्याने वाकून वाचलं. वाचताना ओठ हलत होते. मग हेडफोन काढून अगदी व्यवस्थित, वायर गुंडाळून, टेबलावर ठेवला.

"फार उशीर करू नका," तो म्हणाला आणि गेला.

तीनला लिबोरिओ वर आला, डोळे चोळत. "काय हो निमियाबाई, आज काय जत्रा होती का? झोपेत सारखी जिन्यावरून पावलं. मी डोळे मिटूनच मोजली. सतरा."

"सतरा," निमिया म्हणाली.

"सोळा जणांच्या पायात जोडे होते. एक अनवाणी होता. असा कसा हो अनवाणी, या उन्हात? पाय भाजले असतील पोराचे."

पाचला ग्रंथपालांनी पानावर सही ठोकली आणि चकित होऊन म्हणाले, "वीस! बघा, आपण उगाच म्हणतो मुलं ऐकत नाहीत." फॉर्म पाकिटात गेला. खोली वाचली. आता तिला कुणी घरी बसवणार नव्हतं, आणि आजच्याइतकं घरी जाणं तिला कधीच जड गेलं नव्हतं.

सातला लिबोरिओने दिवे घालवायला सुरुवात केली तेव्हा ती उठली. धक्क्याच्या रस्त्याने लांबून गेली. चौकातल्या बाकावर बसली, पुन्हा उठली. पर्समधली किल्ली तिने तीनदा चाचपून पाहिली. किल्ली होती. दार तिने सकाळी स्वतः लावलं होतं, दोनदा ओढून पाहिलं होतं. मग कुणी आत जाणार कसं?

गल्लीत उजेड अजून पुरता गेला नव्हता. शेजारची सेफेरिना नेहमीसारखी फुटपाथवर खुर्ची टाकून वारा घेत होती. निमियाला बघताच तिने हातातला पंखा आपटला.

"अगं ए! मैत्रीण म्हणवतेस आणि एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवलीस?"

"कुठली गोष्ट?"

"घे, आणि वर मलाच विचारते. मुलगा गं तुझा! तीनपासून आलाय. मी म्हटलं हा कोण परका तुझ्या दारात, तर वळून बघितलं त्याने, आणि विचारायचं कामच उरलं नाही. नाक तुझं, कपाळ तुझ्या आईचं. नाकारायचं म्हटलंस तरी सोय नाही तुला."

निमियाच्या घराच्या खिडकीत दिवा होता. आईच्या खोलीची खिडकी उघडी होती, सहा वर्षांनी. फोडणीचा वास गल्लीपर्यंत आला होता.

"गुणी आहे हो पोरगा," सेफेरिना बोलतच होती. "अंगण झाडलं, पाणी भरलं. माझ्याकडे ताटली मागायला आला. म्हटलं, दोघांना दोन ताटल्या नाहीत का तुझ्या आईकडे? तर म्हणाला, आम्ही तिघं आहोत. मी म्हटलं, तिसरं कोण रे? तर म्हणतो, बाबा. आई आज लिहिणार आहे म्हणाला." ती पुढे वाकली आणि आवाज खाली आणून विचारू लागली, "पत्र लिहितेस का गं त्याला अजून? त्या पलीकडच्याला?"

निमियाने फाटकाची कडी धरून ठेवली होती आणि मनात दुसरं काहीतरी आणायची, काहीही, ती धडपड करत होती. पण त्या पलीकडच्याचं नाव मनात आधीच आलं होतं, आडनावासकट, आणि आत कुणीतरी तिसरी खुर्ची ओढून टेबलाशी लावली.